दोन आकडे, एक भागाकार, एक गुणाकार : सहा हजार काउंटच्या मल्टिमीटरचं परीक्षण

मल्टिमीटर चांगला की वाईट, हे मी एकाच कसोटीवर ठरवते. त्याने दाखवलेल्या व्होल्टेजला त्यानेच दाखवलेल्या करंटने भागलं, तर समोरच्या वस्तूचा खरा रोध निघतो का? आणि त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला, तर ती वस्तू किती वॅट खाते हे विश्वासाने सांगता येतं का? बाकी सगळं नंतर. पडद्यावरचा दिवा किती उजेड देतो, रबरी आवरण कोणत्या रंगाचं आहे, पाठीला चुंबक आहे की नाही, याला माझ्या हिशेबात फार किंमत नाही.

मी वीजतंत्री होऊ पाहणाऱ्या मुलामुलींची प्रात्यक्षिकं घेते. आमच्या टेबलांवर आता जो मीटर आहे तो मधल्या वर्गातला आहे : ६००० काउंट (म्हणजे पडद्यावर सुमारे सहा हजारांपर्यंतचा आकडा दाखवणारा), ट्रू आरएमएस (एसी लाटेचा आकार कसाही असला तरी तिचं खरं परिणामी मूल्य दाखवणारा), रेंज आपोआप निवडणारा, १० अँपिअरची एक खाच, मिलिअँपिअर-मायक्रोअँपिअरची वेगळी खाच, आणि १० मेगाओहम इनपुट रोध. जवळजवळ हाच मीटर अनेक नावांनी आणि अनेक रंगांत विकला जातो. म्हणून नाव लिहीत नाही. या वर्गातला कुठलाही मीटर हातात आला, तरी पुढचं बहुतेक लागू पडेल.

निकाल आधीच सांगते. डीसीवर हा मीटर फार चांगला आहे, एसीवर त्याच्या मर्यादेत चांगला आहे, आणि फ्यूजच्या बाबतीत निर्मात्याने केलेली काटकसर मला अजिबात मान्य नाही.

पहिली परीक्षा मी नेहमी साध्या रोधाची घेते. १०० ओहमचा, १ टक्का अचूकतेचा, ५ वॅटचा तारगुंडाळी रोध आणि ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा. एक मीटर रोधाच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायला, दुसरा त्याच जातीचा मीटर करंट मोजायला मालेत. आकडे आले ५.०२ व्होल्ट आणि ५०.१ मिलिअँपिअर. भागाकार १००.२ ओहम, गुणाकार ०.२५२ वॅट. पहिल्याच परीक्षेत मीटरने मन जिंकलं.

इथे मुलं हमखास अडखळतात ती एककांवर. ५.०२ भागिले ५०.१ करून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, ०.१ ओहम आला." मग मी सांगते की आकडा बरोबर आहे, फक्त तो किलोओहममध्ये आहे. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये येतं, आणि व्होल्टला मिलिअँपिअरने गुणलं की मिलिवॅटमध्ये. हे एकदा डोक्यात बसलं की दशांश चिन्ह इकडून तिकडे हलवत बसावं लागत नाही. छोट्या सर्किटवर काम करणाऱ्यांनी तर व्होल्ट-मिलिअँपिअर-किलोओहम हेच त्रिकूट धरून ठेवावं.

आता तो पाव वॅटचा आकडा पाहा. १०० ओहमवर ५ व्होल्ट म्हणजे ०.२५ वॅट. नेहमीच्या पाव वॅटच्या बारक्या रोधाची सहनशक्ती इथे संपते. त्याच रोधावर १० व्होल्ट दिले तर करंट दुप्पट होतो, पण वॅट चौपट होतात : १ वॅट. पाव वॅटचा रोध मग करपतो. रोध विकत घेताना फक्त ओहम पाहणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब आधी करावा. १२ व्होल्टवर एक एलईडी लावायचा आहे, एलईडीवर २ व्होल्ट पडतात, उरले १० व्होल्ट; ४७० ओहमचा रोध लावला तर करंट सुमारे २१ मिलिअँपिअर आणि रोधावर ०.२१ वॅट. कागदावर पाव वॅटचा चालतो, पण मी अर्ध्या वॅटचाच लावायला सांगते. रोध सतत आपल्या मर्यादेला टेकून चालवणं मला पटत नाही.

आता या मीटरची ती गोष्ट, जी पुस्तिकेत एका ओळीत उरकली आहे आणि जिच्यावर खरं तर दोन पानं हवी होती. मिलिअँपिअरच्या खाचेतून करंट आत शिरतो तेव्हा त्याला शंट (करंट मोजण्यासाठी मीटरच्या आत बसवलेला लहान रोध) आणि फ्यूज मिळून सुमारे २ ओहमचा अडथळा भेटतो. वरच्या प्रयोगात ५० मिलिअँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट पडत होते. म्हणजे पुरवठ्याच्या टोकांवर ५.१२ व्होल्ट होते आणि रोधापर्यंत ५.०२ पोहोचत होते. व्होल्टमीटर पुरवठ्याच्या टोकांवर लावला असता तर भागाकार १०२.२ ओहम आला असता. दोन टक्क्यांची चूक, आणि ती मीटरच्या आकड्यांत शोधून सापडणार नाही. दोन्ही आकडे अगदी खरे आहेत. चुकली ती जोडणी. १०० ओहमच्या जागी १० ओहम घेतला तर हीच चूक २० टक्क्यांवर जाते.

म्हणून लहान रोध मोजताना व्होल्टमीटरचे प्रोब थेट रोधाच्या पायांवर टेकवायचे, आणि शक्य असेल तिथे करंटसाठी १० अँपिअरची खाच वापरायची, कारण तिचा अडथळा काही शतांश ओहमच आहे. या मीटरवर त्या खाचेतही ६ अँपिअरपर्यंत एकेक मिलिअँपिअरची पायरी दिसते. हे मला मनापासून आवडलं. अर्ध्या अँपिअरचा प्रयोग मी आता सरळ मोठ्या खाचेतून करते.

मोठ्या रोधाला उलटं लागतं. १ मेगाओहमवर १० व्होल्ट दिले की करंट १० मायक्रोअँपिअर. पण १० मेगाओहमचा व्होल्टमीटर त्याला समांतर लावला की तो स्वतःही १ मायक्रोअँपिअर ओढतो, आणि अमीटरला दिसतात ११. भागाकार येतो ०.९१ मेगाओहम. नऊ टक्के कमी! अशा वेळी व्होल्टमीटर अमीटरच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला लावायचा. अमीटरचा थोडासा अडथळा मग १ मेगाओहमपुढे नगण्य ठरतो. मीटर मोजताना सर्किटमध्ये सामील होतो, ही गोष्ट शिकवायला माझ्या माहितीत याहून चांगला प्रयोग नाही. त्यासाठी मायक्रोअँपिअरची रेंज लागते, ती या मीटरला आहे. बऱ्याच छोट्या मीटरांना ती नसते.

अचूकतेबद्दल थोडं. पुस्तिकेत डीसी व्होल्टसाठी ०.५ टक्के अधिक ३ अंक आणि डीसी करंटसाठी १ टक्का अधिक ३ अंक (म्हणजे पडद्यावरच्या शेवटच्या अंकाच्या तीन पायऱ्या) लिहिलं आहे. ५.०२० व्होल्टच्या वाचनात म्हणजे सुमारे ०.०२८ व्होल्ट इकडेतिकडे, आणि ५०.१० मिलिअँपिअरमध्ये सुमारे ०.५३. टक्क्यांत ०.५६ आणि १.०६. भागाकार करा की गुणाकार, दोन्हीतल्या चुकांचे टक्के वाईटात वाईट स्थितीत एकमेकांत मिळतात. म्हणजे आपलं उत्तर आहे १००.२ ओहम, अधिक-उणे १.६. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १००.१९९६००८ दिसतं आणि मुलं ते सगळं वहीत उतरवतात. चार अंकांपुढचं काहीही मी तपासताना खोडते. मीटरने जे सांगितलंच नाही, ते कॅल्क्युलेटर कुठून सांगणार?

याच मीटरच्या ओहमच्या रेंजवर तोच रोध १००.१ दिसला, तोही प्रोब टेकवून दोन सेकंदांत. मग कोणी विचारेल की एवढा खटाटोप कशाला? साध्या, थंड, बाजूला काढून ठेवलेल्या रोधासाठी ओहमची रेंजच वापरा, असंच मीही म्हणेन. पण दोन ठिकाणी ती रेंज हात टेकते आणि व्होल्ट-अँपिअरचा भागाकार तिच्या कितीतरी पुढे जातो. मी हा मीटर शिफारस करते ते याच दोन ठिकाणांसाठी.

एक, फार लहान रोध. १.५ चौरस मिलिमीटर जाडीची १० मीटर तांब्याची वायर घ्या. तांब्याची रोधकता धरून हिशेब केला तर तिचा रोध ०.११५ ओहम यायला हवा. ओहमच्या रेंजवर पायरीच मुळी ०.१ ओहमची आहे, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ आहे. आरईएल बटण (आत्ताचं वाचन शून्य धरणारं) दाबून तो वजा केला तरी पडद्यावर ०.१ आणि ०.२ मध्ये चुळबुळ चालू राहते. आता त्या वायरमधून पुरवठ्याची करंट-मर्यादा लावून बरोबर २.०० अँपिअर जाऊ द्या आणि दुसऱ्या मीटरने तिच्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. आले २२९.० मिलिव्होल्ट. भागाकार ०.११४५ ओहम. व्होल्टमीटरच्या वायरींचा रोध इथे आडवा येत नाही, कारण त्यांच्यातून करंट जवळजवळ जातच नाही. चार तारांची पद्धत म्हणतात ती हीच. महागड्या उपकरणांत ती आतून बांधलेली असते, इथे दोन साध्या मीटरांनी ती मांडता येते. या मीटरच्या मिलिव्होल्ट रेंजला ०.१ मिलिव्होल्टची पायरी आहे आणि आकडा स्थिर बसतो. माझ्या दृष्टीने हे त्याचं सगळ्यात मोठं बळ.

याचा उपयोग वायर मोजण्यापुरता नाही. ढिला स्क्रू, काळा पडलेला संपर्क, नीट न दाबलेली लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) : यांचा रोध ओहमच्या रेंजवर शून्यच दिसतो. पण सांध्यातून १० अँपिअर जात असताना त्याच्या दोन बाजूंना १ व्होल्ट पडत असेल, तर त्या सांध्याचा रोध ०.१ ओहम आहे आणि तिथे १० वॅट उष्णता तयार होते आहे. एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत १० वॅट! प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं, ते यामुळेच. करंटचा वर्ग गुणिले रोध, हा उष्णतेचा नियम जेम्स ज्यूलने १८४१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि जळालेल्या प्रत्येक सॉकेटमध्ये मला तो दिसतो. करंट निम्मा केला तर त्याच सांध्यात अडीच वॅटच तयार होतात. म्हणूनच हलक्या लोडवर वर्षानुवर्षं कुरकुर न करणारा सांधा मोठा लोड लागताच करपतो.

दोन, काम करताना बदलणारा रोध. यासाठी मी गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घेते. थंड असताना ओहमच्या रेंजवर, वायरींचा रोध वजा करून, ०.५ ओहम. मुलांना सांगते, यावरून वॅट काढा. १२ चा वर्ग १४४, भागिले ०.५, म्हणजे २८८ वॅट. बल्बवर तर २१ छापलं आहे! मग बल्ब पेटवून दोन मीटरांनी मोजायचं. ३ व्होल्टला ०.८१ अँपिअर, म्हणजे ३.७ ओहम. ६ व्होल्टला १.१९, म्हणजे ५ ओहम. १२ व्होल्टला १.७४ अँपिअर, म्हणजे ६.९ ओहम आणि २०.९ वॅट. टंगस्टनची तार तापते तसा तिचा रोध वाढत जातो, आणि पूर्ण उजळल्यावर तो थंड अवस्थेच्या चौदा पट झालेला असतो. प्रत्येक वेळी व्होल्टेज भागिले करंट केलं तर त्या क्षणाचा रोध मिळतोच. पण एका ठिकाणचा रोध दुसऱ्या ठिकाणी वापरता येत नाही.

मोजता मोजता परिस्थितीच बदलते, ही अडचण जॉर्ज सायमन ओहमलाही (रोधाच्या एककाला ज्याचं नाव आहे तो) माहीत होती असं त्याच्या प्रयोगाकडे पाहून वाटतं. त्याच्या काळातल्या घटांचं व्होल्टेज वापरता वापरता उतरायचं, म्हणून त्याने १८२६ मध्ये तांबं आणि बिस्मथ यांचा उष्मायुग्म (दोन धातूंच्या सांध्यांच्या तापमानातल्या फरकातून व्होल्टेज देणारी जोडी) वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. दोन्ही तापमानं आपोआप स्थिर राहतात, म्हणून व्होल्टेजही स्थिर. त्याचं पुस्तक १८२७ मध्ये आलं, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक त्याला १८४१ मध्ये मिळालं. आज पाचवी-सहावीतलं मूल करू शकेल असा तो भागाकार, पण त्यासाठी आधी हलणार नाही असा पुरवठा उभा करावा लागला. माझ्या टेबलावरचा पुरवठा एक बटण फिरवलं की स्थिर होतो. ही सोय किती मोठी आहे, हे मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगते.

बल्बच्याच प्रयोगात मीटरची एक उणीव लक्षात आली. स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी थंड तारेतून खूप मोठा करंट उसळतो. १२ भागिले ०.५ धरला तर २४ अँपिअरपर्यंत. मीटरच्या मॅक्स बटणावर मात्र जेमतेम दोन अँपिअरच्या आसपासचा आकडा नोंदला गेला. त्याचं मॅक्स म्हणजे पडद्यावर उमटलेल्या वाचनांतलं मोठं वाचन; ते सेकंदात मोजकी वाचनं घेतं आणि उसळी तेवढ्यात संपून जाते. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहायला हवं होतं. मोटर किंवा बल्ब सुरू होतानाचा करंट पाहायचा असेल तर इनरश, म्हणजे ही सुरुवातीची उसळी, नोंदवणारा क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा) लागतो.

सेलचा अंतर्गत रोधही याच दोन आकड्यांतून निघतो. एका दीड व्होल्टच्या सेलवर लोड नसताना १.५६ व्होल्ट, अर्धा अँपिअर ओढताना १.४१. फरक ०.१५ भागिले ०.५, म्हणजे ०.३ ओहम. जुन्या सेलवर लोडशिवाय आकडा छान दिसतो आणि लोड लागताच कोसळतो. ओहमच्या रेंजवर सेल कधीही लावू नका.

आता एसी. इथे आधी सुरक्षेचं बोलते आणि त्यात मी तडजोड करत नाही. घरच्या वीजपुरवठ्याची तार तोडून मध्ये हा मीटर घालू नका. करंटसाठी क्लॅम्प मीटर वापरा, आणि दोन तारांपैकी एकाच तारेभोवती लावा. आमच्याकडे फ्यूज आणि गळती-संरक्षण बसवलेली बंद चाचणी-पेटी आहे, म्हणून मी एसी करंट या मीटरने मोजू शकले. आणि प्रोब करंटच्या खाचेत असताना कुठल्याही पुरवठ्याच्या दोन टोकांवर टेकवणं म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. काही मीटर अशा वेळी शिट्टी मारून सावध करतात. हा करत नाही.

नायक्रोमच्या कॉइलचा हीटर या मीटरला अगदी मानवला. नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून पाटीवरून हिशेब जमतो. २३० व्होल्ट, १००० वॅट, म्हणजे ५२.९ ओहम. प्रत्यक्षात त्या वेळी पुरवठा होता २२१ व्होल्ट, करंट ४.१८ अँपिअर. भागाकार ५२.९, गुणाकार ९२४ वॅट. व्होल्टेज चारच टक्के कमी, पण वॅट जवळजवळ आठ टक्के कमी, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने पडतात. २१० व्होल्टला हाच हीटर ८३४ वॅटवर येतो. हीटर मंद चालतो म्हणून कॉइल बदलायला निघालेल्या माणसाने आधी हे दोन आकडे पाहावेत. जिथे पुरवठा १२० व्होल्टचा असतो तिथल्या १००० वॅटच्या हीटरचा रोध १४.४ ओहम असतो. तो चुकून २३० व्होल्टला लावला तर हिशेबाने ३६७४ वॅट निघतात, आणि कॉइल तेवढे सोसत नाही. उलट २३० चा हीटर १२० वर लावला तर तो २७२ वॅटवर नुसता कोमट राहतो.

ट्रू आरएमएसचा फायदा दाखवायला मी मध्ये डिमर लावते. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा पहिला अर्धा भाग कापतो तेव्हा हीटरला पूर्ण शक्तीच्या बरोबर निम्मी शक्ती मिळते. पूर्ण पुरवठा २३० असेल तर खरं आरएमएस व्होल्टेज होतं १६३, आणि १६३ च्या वर्गाला ५२.९ ने भागलं की ५०० वॅटच्या आसपास उत्तर येतं. बरोबर निम्मं. सरासरी मोजून त्याला १.११ ने गुणणारा जुना मीटर याच जागी ११५ व्होल्ट दाखवतो, आणि त्यावरून वॅट निघतात २५०. जुना मीटर बिघडलेला नसतो; तो शुद्ध साइन लाटेसाठीच बनलेला असतो. डिमर, इन्व्हर्टर, वेग नियंत्रक यांच्या आसपास काम करणाऱ्याने ट्रू आरएमएसशिवाय मीटर घेऊ नये. या मीटरने डिमरच्या सगळ्या स्थितींत व्होल्ट आणि अँपिअरचा भागाकार ५३ च्या आसपासच ठेवला. हीटर तोच असल्यामुळे रोध बदलायला नकोच होता, आणि मीटरने तो बदलू दिला नाही. एसीवरची माझी सगळ्यात आवडती कसोटी ही.

पण एलईडी दिव्यापाशी गुणाकार थांबवावा लागतो. ९ वॅट छापलेला दिवा, २३० व्होल्ट, ०.०७५ अँपिअर. गुणाकार १७ पेक्षा थोडा जास्त. दिवा दुप्पट वीज खातो आहे का? नाही. हे १७ व्होल्ट-अँपिअर आहेत, वॅट नव्हेत. करंट आणि व्होल्टेज एका तालात चालत नाहीत किंवा करंटचा आकार वेडावाकडा असतो, तिथे खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरने (खरे वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांच्या गुणोत्तराने) गुणावं लागतं, आणि तो या मीटरला मोजता येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइललाही तेच : ओहमच्या रेंजवर काही दशक ओहम, पण एसीवर व्होल्टेज भागिले करंट केलं तर काही हजार. तो रोध नव्हे, इम्पीडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर 'वॅट = व्होल्ट × अँपिअर' असं ठळक अक्षरांत छापलं आहे, आणि एसीबद्दल एक शब्द नाही. शिकणाऱ्याच्या हातात पडणाऱ्या कागदावर अशी अर्धी गोष्ट असू नये. त्याच पानावर बारा सूत्रांचं रंगीत चक्रही आहे. मी मुलांना ते झाकायला सांगते. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध, आणि वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. बाकीची दहा या दोघांतून कागदावर दोन ओळींत काढता येतात.

माझी खरी तक्रार फ्यूजची. मीटरच्या अंगावर कॅट थ्री ६०० व्होल्ट (इमारतीच्या वायरिंगवर किती व्होल्टपर्यंत सुरक्षित वापरता येईल, याचा सुरक्षा-वर्ग) लिहिलं आहे. १० अँपिअरच्या खाचेत चांगला सिरॅमिक, उच्च तोडक्षमतेचा (मोठा दोष-करंटही सुरक्षित तोडणारा) फ्यूज आहे, पण मिलिअँपिअरच्या खाचेत साधा काचेचा, २५० व्होल्टचा. ज्या व्होल्टेजचा दावा करता ते व्होल्टेज सुरक्षित तोडू शकेल असा फ्यूज दोन्ही खाचांमागे हवाच. काचेचा फ्यूज मोठ्या दोषात फुटतो आणि आत ठिणगी चालू राहू शकते, हात तर मीटरवरच असतो. आम्ही सगळ्या मीटरांत त्याच करंटचे, योग्य व्होल्टेजचे सिरॅमिक फ्यूज घालून घेतले. आत जागा होती, म्हणजे निर्मात्यालाही ते करता आलं असतं. शिवाय फ्यूजपर्यंत पोहोचायला पूर्ण पाठ उघडावी लागते. सेलसाठी वेगळं झाकण आहे तसं फ्यूजलाही द्यायला हवं होतं.

किरकोळ गोष्टी : रेंज आपोआप बदलताना क्षणभर थांबावं लागतं, ते रेंजच्या बटणाने टाळता येतं. बराच वेळ नॉब हलला नाही की मीटर स्वतः बंद होतो, आणि बल्ब हळूहळू तापवत वाचनं घेताना ते नेमकं नको असतं. सिलेक्ट बटण दाबून धरत चालू केला की ही सवय बंद होते. प्रोबची टोकं टोकदार आहेत, वायरी मऊ आहेत, आणि मगरचिमटे वेगळे घ्यावे लागतात. ते घ्याच, नाहीतर एकट्या माणसाला दोन मीटर आणि चार प्रोब सांभाळता येत नाहीत.

खरेदीचा माझा सल्ला असा. एकच महाग मीटर घेण्याऐवजी या वर्गातले दोन सारखे मीटर घ्या. व्होल्टेज आणि करंट एकाच क्षणी वाचले तरच भागाकाराला अर्थ राहतो. एकाच मीटरने आधी व्होल्टेज, मग जोडणी बदलून करंट असं केलं, तर अमीटर काढल्याने किंवा घातल्याने सर्किटच बदललेलं असतं, बल्ब थंड झालेला असतो, सेल थोडा उतरलेला असतो. दोन मीटर असले की ते एकमेकांना तपासतातही : दोन्ही एकाच सेलवर लावून व्होल्टेज जुळतं का पाहा, मग दोन्ही एकाच मालेत जोडून करंट जुळतो का पाहा. आमच्या जोड्यांत फरक शेवटच्या अंकातच राहिला. मुख्यतः एसीवर आणि वॅटसाठी काम असेल, तर मात्र हा घेऊ नका. पॉवर फॅक्टर दाखवणारा क्लॅम्प मीटर घ्या.

आणि घेतल्या दिवशी एवढं करा. एका मीटरच्या मिलिअँपिअर खाचेत आणि कॉम (सगळ्या मोजमापांना सामाईक) खाचेत वायरी घालून नॉब मिलिअँपिअरवर ठेवा, आणि दुसऱ्या मीटरच्या ओहम रेंजने त्या दोन टोकांमधला रोध मोजा. दोनेक ओहम दिसले तर फ्यूज शाबूत आहे, आणि तुमच्या मीटरचा अडथळाही तुम्हाला कळला. तो पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पेनने लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक हिशेबात लागणार आहे. ओएल (रेंजच्या बाहेर, म्हणजे वाट तुटलेली) दिसलं तर फ्यूज उडालेला आहे, मीटर बदलून घ्या.